बँडवाल्यांच्या निवडणुकीला मी साखळी घेऊन गेले

नांदेडला जाऊन आले असं सांगितलं की चिपळुणात प्रत्येक जण आधी गुरुद्वाऱ्याचं विचारतो. गुरुद्वाऱ्यात गेले होते, लंगरमधली डाळ अजून जिभेवर आहे. पण मी मुळात गेले ती बँडवाल्यांच्या निवडणुकीसाठी, असं म्हटलं की समोरचा माणूस खुर्ची पुढं ओढून बसतो. दरवेळी तेच तेच सांगून घसा बसायला लागला, म्हणून आता लिहूनच काढते.

मी इथल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात कॉम्प्युटर शिकवते. प्रज्ञा सोनकांबळे ही माझी जुनी विद्यार्थिनी. हल्ली पुण्यात नोकरीला असते. तिचं घर नांदेड जिल्ह्यातल्या नायगावला आणि वडील लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरनेट वाजवणारे मास्तर. दसऱ्याच्या सुमारास तिचा फोन आला.

"मॅडम, ब्लॉकचेनवर मतदान घेता येतं असं तुम्ही वर्गात सांगायचात. खरंच घ्यायचं का?"

नायगाव, मुखेड आणि देगलूर या तीन तालुक्यांतल्या बँडवाल्यांची मिळून एक संघटना आहे. कोणत्या गावच्या लग्नाला कोणता बँड जाणार, हे तिचा अध्यक्ष ठरवतो. मागच्या निवडणुकीत देगलूरची मतपेटी जीपमधून नायगावला आली आणि उघडली तर तिच्यात देगलूरच्या सभासदांपेक्षा जास्त चिठ्ठ्या. देगलूरवाले म्हणाले, वाटेत घातल्या. नायगाववाले म्हणाले, भरूनच आणल्या. तेव्हापासून संघटनेला दोन अध्यक्ष झाले. एक प्रज्ञाचे वडील सोनकांबळे मास्तर, दुसरे देगलूरचे ट्रम्पेट वाजवणारे शंकरअण्णा. दोघांनी एकाच लग्नाला दोन बँड पाठवले, मांडवासमोर मारामारी झाली आणि एका क्लॅरनेटवाल्याचे पुढचे दात पडले.

"फुंकून पोट भरणाऱ्या माणसाचे दात गेले, मॅडम," प्रज्ञा म्हणाली. "तुळशीचं लग्न झालं की सीझन सुरू. त्याच्या आत एकच अध्यक्ष पाहिजे."

"मग तूच कर की. माझ्याहून चांगलं येतं तुला."

"बाबा उभे आहेत. मी कीबोर्डला बोट लावलं तरी देगलूर पेटेल."

वर्षानुवर्षं मी फळ्यावर चौकोन काढून ते बाणांनी जोडत आले होते. त्या चौकोनांना आता खरी माणसं मिळणार होती! दिवाळीच्या सुट्टीत तीन लॅपटॉप साड्यांमध्ये गुंडाळले आणि निघाले.

नांदेड

प्रज्ञा स्टेशनवर घ्यायला आली होती. तिनं आधी मला एका टपरीवर नेलं आणि "मॅडम, ही आमची सुशीला" म्हणाली. मला वाटलं ही बाईची ओळख करून देतेय. सुशीला म्हणजे भिजवलेल्या चुरमुऱ्यांना कांदा, मिरची, शेंगदाण्याची फोडणी दिलेला नाश्ता. आमच्याकडे चुरमुरे कोरडेच खायचे, ओले झाले की टाकून द्यायचे. मी दोन बशा संपवल्या.

नायगावच्या वाटेवर मी खिडकीला नाक लावूनच बसले. कोकणातून गेलेल्या माणसाला इथली पहिली नवलाई म्हणजे आभाळ. आडवं येणारं काही नाहीच. सोयाबीन काढून झालेली काळीभोर रानं, मध्येच पिवळ्या फुलांची तूर, कापसाच्या पांढऱ्या रेघा. आमच्याकडे वळणापलीकडे काय आहे ते वळल्यावर कळतं. इथं पुढच्या गावाची पाण्याची टाकी केव्हापासून समोर दिसते आणि येता येत नाही.

नायगाव

मास्तर दारातच उभे होते. उंच, सडपातळ, पांढऱ्या सदऱ्याची बटणं गळ्यापर्यंत लावलेली. "या मॅडम, जय भीम. प्रवास कसा झाला?" असं अगदी मोजून मापून बोलले. प्रज्ञाच्या आईनं मात्र हात धरून थेट चुलीपाशी नेलं. भाकरी थापून दाखवायला मला सांगितलं. माझी भाकरी तव्यावर टाकताना मधोमध फाटली तेव्हा त्या पदर तोंडाला लावून हसल्या आणि म्हणाल्या, "राहू द्या, तुम्ही कॉम्प्युटर थापा." अंबाडीची भाजी, ज्वारीची भाकरी, वर लसणाचं तेल. तांदळाच्या भाकरीवर वाढलेली मी, पण त्या भाजीच्या आंबटपणानं मला माशाच्या कढीची आठवण करून दिली.

जेवताना मास्तरांनी पहिला खरा प्रश्न विचारला. "मॅडम, हे सगळं कामून करून राहिलात? आमचा बँड तुमच्या काय कामाचा?"

मी खरं तेच सांगितलं. "मास्तर, मी हे नुसतं शिकवलंय. चालताना कधी बघितलं नाही."

त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. मग म्हणाले, "म्हंजे तुमची बी परीक्षाच हाय."

पहिला लॅपटॉप त्यांच्या रियाजाच्या खोलीत लागला. प्रज्ञा दाराबाहेर उभी राहून बघत होती. वायर कुठं खोचायची हेसुद्धा तिनं बोटानं दाखवलं, आत पाऊल टाकलं नाही.

देगलूर

देगलूरला उतरलं की कानाला कळतं, आपण राज्याच्या काठावर आलो. दुकानात गिऱ्हाईक तेलुगूत विचारतं, दुकानदार मराठीत भाव सांगतो आणि शेजारचा कन्नडमध्ये मध्येच काहीतरी घालतो. शंकरअण्णांनी पाहताक्षणी विचारलं, "तिन्नारा?" मी गोंधळले. त्यांच्या घरच्या माणसांनी ताट पुढं सरकवलं तेव्हा कळलं, जेवलात का विचारत होते. ताटात पुन्हा अंबाडी, पण इथं तिचं तिखटजाळ लोणचं. डोळ्यांतून पाणी आलं. अण्णा खूश झाले.

अण्णा म्हणजे मास्तरांच्या अगदी उलट. गोल, घामेजलेले, बोलताना दोन्ही हात हवेत. हॉलमध्ये त्यांचे सगळे वादक गोळा झाले होते आणि एकाच्याही चेहऱ्यावर विश्वास नव्हता.

"पेटी कोण नेणार?" अण्णांनी विचारलं.

"पेटीच नाही," मी म्हटलं. "तिन्ही गावांत एकेक कॉम्प्युटर. एका गावात मत पडलं की त्याची नोंद तिन्ही ठिकाणी होते. आणि प्रत्येक नोंदीत तिच्या आधीच्या नोंदीचा ठसा असतो, आकडे आणि अक्षरं मिळून. मधलं एक मत कोणी बदललं, तर या साखळीतले त्याच्या पुढचे सगळे ठसे चुकतात."

"आणि चावी कोणाकडं? तुमच्याकडं?"

"माझ्याकडे नाही. कोणाकडेच नाही. खोटं वाटत असेल तर बदलून बघा."

अण्णांचे जावई मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतात. अण्णांनी त्यांच्याकडे बघितलं. ते येऊन लॅपटॉपसमोर बसले. आम्ही चाचणीची काही मतं टाकली होती. त्यातलं मास्तरांच्या क्लॅरनेट या खुणेचं एक मत त्यांनी आत शिरून अण्णांच्या ट्रम्पेटचं केलं. खरंच केलं, फारसा वेळही लागला नाही. वर्गात हे कधी कोणी केलेलं नव्हतं.

पुढच्याच क्षणी पडद्यावर लाल पट्टी आली आणि त्याच्या पाठोपाठ माझा फोन वाजला. मुखेडहून रशीदभाई. हे रशीदभाई ढोल वाजवणारे, दोन्ही गटांना चालणारे म्हणून निवडणूक अधिकारी झालेले. मुखेडचा लॅपटॉप मी आदल्याच दिवशी त्यांच्याकडे लावून आले होते.

"मॅडम, देगलूरवाले काय करून राहिले? त्यांची नोंद जुळत न्हाई म्हणतंय. आपली अन् नायगावची जुळते."

मी फोन स्पीकरवर टाकला. अण्णा खुर्चीतून उठलेच. "आम्ही इथं केलं ते तुला मुखेडात दिसलं?"

"दिसलं की! लाल भडक!"

अण्णांना लाज वाटेल असं मला वाटलं होतं. त्यांना झाला तो निव्वळ आनंद. "परत करा," ते जावयांना म्हणाले. परत केलं, परत लाल. मग दुसरं मत बदललं, मग एक अख्खं पुसलं. दर वेळी रशीदभाई तिकडून ओरडायचे आणि दर वेळी हॉलमध्ये टाळ्या पडायच्या. मी काही बोलायची गरजच उरली नाही.

टाळ्या थांबल्यावर अण्णा माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "पण बटण दाबताना माणसाच्या मागं कोण उभं हाय, ते बघते का तुमची साखळी?"

"नाही अण्णा. पडलेलं मत ती जपते. पडण्याआधी कोणी धाक घातला तर तिला कळत नाही. त्यासाठी पडदाच लागतो, आणि पडद्याबाहेर दोन्हीकडचा एकेक माणूस."

हे मी मुद्दाम लिहितेय. परत आल्यावर माझ्या सहकाऱ्यांनी लगेच देशाच्या निवडणुकीचा विषय काढला. तेवढी मोठी उडी मी मारणार नाही. एकमेकांवर विश्वास नसलेली तीन गावं, ओळखीतले सभासद आणि एक खुर्ची, एवढ्यापुरतं मी बघितलं. तेवढंही माझ्यासाठी पुष्कळ होतं.

मुखेड

मतदानाच्या दिवशी मी मुखेडला थांबले. बाजाराचा दिवस होता. एसटीतून उतरणाऱ्या माणसांमध्ये बँडवाले लगेच ओळखू येत होते, कारण ते युनिफॉर्म घालून आले होते. लाल कोट, सोनेरी झालर, खाली चप्पल. "मतदान हाय, घरच्या कपड्यात कसं यायचं?" असं एक जण मला म्हणाला.

पद्धत सोपी ठेवली होती. सभासदानं सही करायची, स्टीलच्या घागरीतून एक घडी घातलेली चिठ्ठी उचलायची, पडद्याआड जाऊन लॅपटॉपला जोडलेल्या टॅबवर चिठ्ठीवरचा क्रमांक टाकायचा आणि क्लॅरनेट किंवा ट्रम्पेट, एका चित्रावर बोट ठेवायचं. मग चिठ्ठी फाडून बाहेर यायचं. कोणी कोणती चिठ्ठी उचलली हे कोणालाच ठाऊक नाही, त्यामुळे कोणाचं मत कुठलं हे कॉम्प्युटरलाही माहीत नाही. पहिली तक्रार आली ती चित्राची. क्लॅरनेट लांब दिसतं, ट्रम्पेट आखूड, हा अन्याय आहे म्हणे. मी तिथंच बसून क्लॅरनेट कापून ट्रम्पेटएवढं केलं. त्याबरोबर दुसरी बाजू चिडली, "हे क्लॅरनेट हाय का बासरी?" शेवटी दोन्ही चित्रं तिरकी केली तेव्हा कुठं मिटलं.

दुपारी जेवणं आटपली आणि दिवे गेले. इंटरनेट गेलं. लॅपटॉपची जुनी बॅटरी त्यानंतर फार टिकली नाही. टॅब चालू होता, पण त्यावर पडलेलं मत आता बाकी दोन गावांना दिसणार नव्हतं.

नेमकं हेच! मागच्या वेळी जीपच्या वाटेत काय झालं ते कोणी बघितलं नव्हतं, आता अंधारात काय झालं ते कोणी बघणार नव्हतं. माझ्या फोनवर अण्णा आधीच कडाडत होते, "मुखेड बंद दिसून राहिलंय! काय चाललंय तिथं?"

रशीदभाई उठले. त्यांनी टॅब पालथा घालून टेबलावर ठेवला, खुर्ची ओढून दाराच्या मधोमध मांडली आणि तिच्यावर बसले.

"लाइट येईस्तोवर तिन्ही गावांत कोणी बटण दाबायचं न्हाई. अन् मी कोणाला आत सोडायचो न्हाई. मॅडम, तुम्ही बी बाहेर."

मीसुद्धा बाहेर. मला रागही आला आणि हसूही. बाहेर लाल कोटांची गर्दी उन्हात घामानं निथळत होती आणि त्यातल्या अर्ध्यांना शेवटची गाडी गाठायची होती. काही जण निघायच्या बेतात होते. तेवढ्यात गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "अरे, आपला जनरेटर कुठं गेला?"

वरातीच्या रोषणाईचा जनरेटर! बँडवाल्यांच्या गावात विजेसाठी हातावर हात ठेवून बसायचं? पाच-सहा जण धावले आणि थोड्या वेळात हातगाडी धडधडत आली. त्यावर जनरेटर आणि जनरेटरला जोडलेल्या दिव्यांच्या छत्र्या. त्या काढायचं कोणाला सुचलं नाही. दोरी ओढली, जनरेटर ठणाणा ओरडला आणि भर दुपारी मतदान केंद्रासमोर लाल, हिरवे, पिवळे दिवे गरगर फिरायला लागले. गर्दीनं एकच आरोळी ठोकली. एकाला राहवलं नाही, त्यानं ताशावर काठी मारली.

लॅपटॉप सुरू झाला. मी माझ्या फोनवरून त्याला इंटरनेट दिलं. पण अण्णा एवढ्यावर ऐकणारे नव्हते. "आधी शेवटचा ठसा तिन्ही गावांनी वाचायचा. जुळला तर पुढं."

त्यांचं बरोबर होतं. फोनवर तिन्ही गावं एकत्र घेतली. रशीदभाईंनी चष्मा लावून पडद्यावरचा ठसा वाचायला घेतला, "सात, डी, दोन, एफ..." नायगावहून मास्तर तोच वाचत होते, देगलूरहून अण्णा तोच. पहिल्या दोन-चार अक्षरांना तिघांचे आवाज मागंपुढं होत होते. मग रशीदभाईंनी मांडीवर थाप द्यायला सुरुवात केली आणि तिघं एका लयीत आले. नऊ, ए, चार, चार, बी. एकमेकांचं तोंड न बघणारे मास्तर आणि अण्णा एकच ओळ एका तालात म्हणत होते आणि बाहेर सगळा बँड मान डोलवत होता. शेवटचं अक्षर तिघांचं एकत्र पडलं.

"जुळलं," अण्णा म्हणाले.

"जुळलं," मास्तर म्हणाले.

रशीदभाईंनी दारातली खुर्ची बाजूला केली.

पुन्हा नायगाव

मोजणी दुसऱ्या दिवशी सकाळी, लख्ख उजेडात, तिन्ही गावांनी एकाच वेळी करायची असं ठरलं होतं. मी नायगावला परतले होते. रियाजाच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. मास्तरांनी स्वतः बटण दाबलं.

ट्रम्पेट पुढं होतं. सात मतांनी.

फोन वाजला, मुखेडहून रशीदभाईंनी आकडा सांगितला. तोच. देगलूरहून आला, तोच. मागून एक जण उसळला, "मास्तर, मशीनमध्येच काहीतरी हाय! त्यांनीच केलं असंल!"

"मशीन तर आपल्याच खोलीत हाय," मास्तर म्हणाले. "रात्री कुलूप मीच लावलं." मग त्यांनी दाराकडं बघितलं. "प्रज्ञा, ये. तू बघ."

"बाबा, मी नाही हात लावणार."

"आता मोजून झालंय. आता तू माझी पोरगी म्हणून बघ, अन् खरं काय ते मला सांग."

ती आत आली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच. तिनं पहिल्या मतापासून सुरुवात केली. एकेक नोंद, एकेक ठसा, बाकीच्या दोन गावांशी ताडून. मी तिच्या मागं उभी होते, पण तिला माझी गरज नव्हती. दुपारचा खंड आला तिथं ती थांबली, मागची नोंद बघितली, पुढची बघितली आणि पुढं गेली. शेवटी तिनं हात मांडीवर ठेवले.

"बाबा, सगळं बरोबर आहे. तुम्ही हरलात."

तिचा आवाज शेवटच्या शब्दाला फाटला. मास्तरांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि दुसऱ्या हातानं माझा फोन मागून घेऊन अण्णांना लावला.

"अध्यक्षसाहेब," ते म्हणाले. "मिरवणूक काढणार असाल ना? तुम्ही चालणार का वाजवणार?"

"चालावं म्हणतो," अण्णा कसेबसे म्हणाले.

"मग वाजवायला आम्ही येऊन राहिलो."

फोन ठेवल्यावर मास्तर खोलीकडं वळले. "बघत काय बसलात? कोट घाला."

देगलूरची मिरवणूक

नायगावचा बँड टेम्पोत बसला तेव्हा मला ड्रायव्हरशेजारी जागा देत होते. मी मागं, ढोलांमध्ये बसले. देगलूरच्या वेशीवर अण्णा हार घालून वाट बघत होते. मास्तर उतरले, दोघं समोरासमोर आले आणि काय करावं हे दोघांनाही कळेना. मग अण्णांनी आपल्या गळ्यातला हार काढून मास्तरांच्या क्लॅरनेटवर टाकला. मास्तरांनी तो बाजूला केला, "सूर दबतो," म्हणाले आणि पहिली तान मारली.

अण्णा चालणार होते ते शंभर पावलंसुद्धा चालले नाहीत. त्यांनी कोणाच्या तरी हातातलं ट्रम्पेट हिसकावलं आणि मास्तरांच्या बाजूला जाऊन फुंकायला लागले. दोन्ही गावांचे बँड एकमेकांत मिसळले. मी चिपळूणच्या शिमग्यातही कधी नाचले नाही, तिथं नाचले.

चौकात दम खायला थांबलो तेव्हा अण्णा घाम पुसत माझ्याजवळ आले. "मॅडम, एक विचारू? सांगाल? माझ्या गावातून मास्तरांना मतं गेली का? कोणी दिली?"

"अण्णा, मला कळत नाही. कोणालाच कळत नाही. तसंच केलंय ते, नोंदीत ना नाव ना गाव."

त्यांनी क्षणभर माझ्याकडं संशयानं बघितलं आणि मग पोट हलवून हसले. "बरं झालं. कळलं असतं तर त्यांना यंदा एक बी लग्न दिलं नसतं मी." आणि परत ट्रम्पेट तोंडाला लावलं.

मिरवणूक पुढं सरकली. माझ्या शेजारी अण्णांच्याच बँडमधला एक दांडगा माणूस मोठा ढोल बडवत चालला होता. कपाळावर गुलाल, कॉलर ओली. ढोलाचा ठोका आणि ठोका यांच्या मधल्या फटीत तो माझ्या कानाशी वाकला आणि ओरडला,

"मॅडम, म्या मास्तरलाच दिलंतं!"

आणि एवढा खदखदून हसला की त्याचा एक ठोका चुकला. पुढचा ठोका त्यानं इतक्या जोरात हाणला की पुढं चालणाऱ्या अण्णांनी मागं वळून त्याच्याकडं कौतुकानं हात केला.